खात्यात अठरा लाख, पण वाटा किती? भागीदारीतल्या कारखान्याची किंमत अशी ठरते

बेळगाव : उद्यमबाग, मच्छे, होनगा भागात ऐंशी-नव्वदच्या दशकात एकेक लेथ टाकून सुरू झालेले कारखाने आज दुसऱ्या पिढीच्या उंबरठ्यावर आहेत. ज्यांनी ते उभे केले ती माणसं साठी-सत्तरीत पोचली. कुणी म्हणतो आता बास, मी बाजूला होतो. कुणाची मुलं पुण्याला नाहीतर बेंगळूरला नोकरीत रमली, ती परत यायची नाहीत. कुणी अचानक जातो. आणि मग तीस वर्षांत घरात कधी न निघालेला विषय निघतो. या कारखान्याची किंमत काय, आणि त्यातला आमचा वाटा किती?

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचं बरं असतं. मोबाईल उघडला की भाव दिसतो. दोन भावांच्या मशीन शॉपला असा भाव नसतो. अर्धा कारखाना घेणारं गिऱ्हाईक बाहेर मिळत नाही, घेणारा एकच असतो, दुसरा भाऊ. त्यामुळे किंमत हिशेबाने काढावी लागते, आणि तो हिशेब कुठून सुरू करायचा इथेच बहुतेकांची गाडी अडते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या एका कारखान्याचे नाहीत. पण असा प्रसंग पाहिला नाही असा सीए बेळगावात शोधून सापडायचा नाही.

दोन भाऊ. १९९४ ची भागीदारी, निम्मी-निम्मी. सहा सीएनसी, दोन व्हीएमसी, २२ कामगार. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशिनिंग करून परत जातं. थोरला पार्ट्या, बँक आणि वसुली बघायचा; धाकटा शॉपमध्ये. ऑक्टोबरात थोरला गेला. तेरावं झाल्यावर चार दिवसांनी धाकटा ताळेबंद घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, दादाच्या खात्यात अठरा लाख आहेत. पै न पै देतो."

धाकटा खोटं बोलत नाही. कागदावर अठरा लाखच आहेत. वहिनींनाही ते पटतं, कारण आकडा छापलेला आहे, खाली ऑडिटरची सही आहे.

पण भांडवल खात्यातली शिल्लक म्हणजे वाट्याची किंमत नव्हे. त्या खात्यात काय असतं? सुरुवातीला घातलेले पैसे, दरवर्षी जमा झालेला नफा, आणि त्यातून वजा केलेली उचल. थोरल्याने मुलीच्या लग्नाला जास्त उचललं म्हणून त्याच्या खात्यात १८ लाख राहिले, धाकट्याच्या खात्यात २२. एवढंच ते खातं सांगतं. कारखाना आज कितीचा आहे हे त्याला माहीतच नसतं.

पुस्तकातली मशीन आणि शॉपमधली मशीन

ताळेबंद उघडून बघू. मशिनरी २१ लाख, येणी ५८ लाख, माल १४ लाख, डिपॉझिट आणि रोख ६ लाख. एकूण ९९ लाख. दुसऱ्या बाजूला बँकेचं कर्ज ३५ लाख, देणी २४ लाख. वजा केले की उरतात ४० लाख, म्हणजे दोघांची मिळून भांडवल खाती. हिशेब बरोबर बसतो.

आता एकेक ओळ तपासायची. मशिनरी २१ लाख कशी? आयकराच्या नियमाने मशिनरीवर दरवर्षी १५ टक्के घसारा काढतात, तोही उरलेल्या रकमेवर. २५ लाखांची मशीन दहा वर्षांत पुस्तकात पाच लाखांच्या आत येते. शॉपमध्ये मात्र ती अजून दोन पाळ्या चालते. जुन्या मशिनरीचे व्यवहार करणाऱ्याला बोलावलं, प्रत्येक मशीनचं मॉडेल, वर्ष, कंट्रोलर, स्पिंडलची अवस्था दाखवली, तर भाव पुस्तकापेक्षा बराच वर जातो. समजा आठही मशीनचे मिळून ६० लाख आले.

सगळं वरच जात नाही. येण्यांपैकी ६ लाख तीन वर्षांपासून अडकलेत, ती पार्टी फोनही उचलत नाही. तेवढे सोडायचे. मालातला ३ लाखांचा ऐवज म्हणजे बंद पडलेल्या जॉबची जुनी टूल्स आणि इन्सर्ट, त्यांना आता गिऱ्हाईक नाही. आणि एक देणं ताळेबंदात लिहिलेलंच नाही, ते म्हणजे ग्रॅच्युइटी. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असले की ती द्यावीच लागते, पाच वर्षं पूर्ण केलेल्याला वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने. लहान कारखान्यात बऱ्याचदा तिची तरतूद केलेली नसते. कामगार निवृत्त होईल तेव्हा बघू, असं चालतं. जुने कामगार मोजले की ७ लाखांचा बोजा निघतो.

पुन्हा बेरीज करू. मशिनरी ६०, येणी ५२, माल ११, डिपॉझिट आणि रोख ६, एकूण १२९. कर्ज आणि देणी ५९, ग्रॅच्युइटी ७. उरले ६३ लाख. पुस्तकातले ४० आणि हे ६३, दोन्हींत कारखाना तोच आहे.

मोजताना आपल्या भागात एक चूक हमखास होते. शेडमध्ये दिसतं ते सगळं फर्मचं नसतं. जॉबवर्कला आलेलं कास्टिंग पार्टीचं असतं, आपली फक्त मजुरी. फाउंड्रीत तर याहून मोठा घोळ. रॅकवर रांगेने लावलेल्या पॅटर्नवर गिऱ्हाइकाने लाखो रुपये घातलेले असतात आणि त्यांतले बरेच त्याच्याच मालकीचे असतात. पॅटर्न कुणाच्या पैशाने झाला हे पर्चेस ऑर्डर बघून ठरवायचं, नजरेने नाही.

मोजणीची तारीखही महत्त्वाची. थोरला ऑक्टोबरात गेला, तर ३१ मार्चचा ताळेबंद चालत नाही. त्या दिवशी कारखान्यात काय होतं, कुणाकडून किती येणं होतं, ते लागतं. सहा महिन्यांनी कुणी मोजायला बसलं तर माल हललेला असतो, येणी वसूल झालेली असतात, आणि मग संशयाला जागा होते. दुःखाच्या दिवसांत मालाची यादी करणं बरं दिसत नाही, हे खरं. तरी ती केलेली बरी. पुढे दोन्ही घरं एकमेकांकडे जेवायला जाऊ शकतात.

नफा खरा किती?

मशिनी मोडून विकल्या तर काय येईल, हे झालं. पण कारखाना चालू आहे. ऑर्डर आहेत, कामगार आहेत, दर महिन्याला बिलं निघतात. असा धंदा विकत घेणारा त्यातून वर्षाला काय सुटतं हे बघतो. म्हणून दुसरी पद्धत नफ्यावरून किंमत काढायची.

नफा-तोट्याच्या पत्रकात समजा २६ लाख नफा दिसतो. हा आकडा तसाच धरता येत नाही, कारण तो आयकरासाठी बसवलेला आहे. दोन्ही भावांचा मोबदला १२ लाख आणि भांडवलावर १२ टक्क्यांनी व्याज ४ लाख ८० हजार आधीच वजा झालंय. ते परत मिळवले की ४२ लाख ८० हजार होतात.

आता यातून खऱ्या खर्चाची वजाबाकी. दोघा भावांच्या जागी बाहेरची माणसं ठेवायची झाली, एक शॉप मॅनेजर आणि एक पार्ट्या-हिशेब बघणारा, तर वर्षाला १६ लाख लागतील. ते वजा. शेड वडिलांच्या जागेत आहे, भाडं एक रुपया नाही. बाहेर तेवढी शेड घेतली तर महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख. तेही वजा. उरले २० लाख ८० हजार.

घरची गाडी, तिचं पेट्रोल आणि विमा फर्मच्या खर्चात आहे, २ लाख २० हजार. तो धंद्याचा खर्च नाही, परत मिळवायचा. एका पार्टीने बुडवलेले ४ लाख याच वर्षी खर्ची पडले, तसं दरवर्षी होत नाही, तेही मिळवायचे. झाले २७ लाख. मशिनी बदलायला दरवर्षी जेवढे बाजूला ठेवायला हवेत, त्यापेक्षा पुस्तकातला घसारा ३ लाखांनी कमी आहे, तेवढे वजा. उरले २४ लाख. फर्मला ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर. हातात साडेसोळा लाख.

हे काम तीन ते पाच वर्षांच्या आकड्यांवर करतात आणि सरासरी काढतात. एका चांगल्या वर्षावर किंमत ठरवली तर घेणारा बुडतो, कोरोनासारख्या वर्षावर ठरवली तर देणारा. खातेवह्यांवर विश्वास नसेल तर जीएसटीची विवरणं, बँकेचं स्टेटमेंट आणि हेस्कॉमची वीजबिलं शेजारी ठेवायची. मशीन चालली की युनिट पडतात. युनिट वाढले आणि बिलिंग तेवढंच राहिलं, तर काहीतरी विचारायला हवं.

इथे एक कडू गोष्ट निघते. चिप्सचं भंगार रोखीने विकलं, एखाद्या छोट्या पार्टीचं काम बिलाशिवाय केलं, असं काही ठिकाणी वर्षानुवर्षं चालतं. कर वाचला म्हणून दोघेही खूश असतात. वाटणीच्या वेळी मात्र तो नफा कुठेच नसतो. लपवलेल्या प्रत्येक रुपयामागे किंमत साडेतीन रुपयांच्या आसपास कमी होते. हे गणित पुढच्या परिच्छेदात दिसेल. आणि वहिनींना तर तो व्यवहार माहीतही नसतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फक्त तोटा येतो.

साडेसोळा लाखांची किंमत काय धरायची

बँकेत ठेव ठेवली तर सहा-सात टक्के मिळतात आणि रात्री झोप लागते. लहान कारखान्यात पैसे घालणारा त्याहून बरंच जास्त मागणार, कारण पार्टी तुटू शकते, ऑपरेटर सोडून जातो, आणि मनात आलं म्हणून उद्या वाटा विकता येत नाही. समजा त्याने २० टक्के मागितले. मग वर्षाला साडेसोळा लाख देणाऱ्या धंद्याचे तो साडेब्याऐंशी लाख देईल. २५ टक्के मागितले तर ६६ लाख. १५ वर समाधान मानलं तर एक कोटी दहा लाख.

वाद इथेच असतो. आकडेमोड तीच, फक्त एक टक्केवारी बदलली की किंमत ६६ लाखांवरून एक कोटीच्या पुढे जाते. म्हणून कुणी छापील अहवाल आणून दाखवला, तर आधी दर किती धरलाय ते बघावं आणि तो का धरला ते विचारावं. एकच पार्टी निम्मं काम देत असेल तर दर वर जाईल. पाच-सहा पार्ट्या असतील, मशिनी नव्या असतील, हाताखाली तयार माणूस असेल, तर खाली येईल. मोठ्या नोंदणीकृत कंपनीचा शेअर नफ्याच्या पंचवीसपट विकतो म्हणून आपलाही कारखाना पंचवीसपट, हे कुणी म्हणालं तर हसून सोडून द्यावं.

जुन्या भागीदारी पत्रांत याहून सोपा मापदंड सापडतो: तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची दुप्पट किंवा तिप्पट म्हणजे गुडविल. पुस्तकी मराठीत त्याला ख्याती म्हणतात. किराणा दुकानाला तो चालून जातो. मशीन शॉपला तो ढोबळ पडतो, पण पत्रात लिहिला असेल तर तोच लागू होतो, कारण दोघांनी सही करून तो मान्य केलेला असतो.

आता वहिनींचा वाटा. किंमत साडेब्याऐंशी लाख धरली तर थेट निम्मे करायचे नाहीत. पुस्तकातले ४० लाख वजा केले की वाढ साडेबेचाळीस लाख. ती निम्मी-निम्मी, म्हणजे प्रत्येकी सव्वाएकवीस. थोरल्याच्या खात्यातल्या १८ मध्ये मिळवली की ३९ लाख २५ हजार. धाकट्याचे ४३ लाख २५ हजार. खात्यातला फरक तसाच राहतो, वाढ समान वाटली जाते.

अठरा लाख आणि सव्वाएकोणचाळीस लाख. दोन्ही आकडे त्याच ताळेबंदातून निघाले.

माणूस गेल्यावर काय उरतं

पण धाकट्याचंही ऐकायला हवं. तो म्हणेल, "पार्ट्या दादाच बघत होता. तो गेला, आता अर्ध्या फिरतील. मग मी कुठल्या नफ्यावर पैसे देऊ?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि अशा मूल्यांकनातला सगळ्यात अवघडही. चालू कारखान्याची किंमत मशिनींपेक्षा जास्त येते ती या वरच्या रकमेमुळे. आपल्या उदाहरणात साडेब्याऐंशी वजा ६३, म्हणजे साडेएकोणीस लाख. त्यातलं काही फर्मच्या नावाशी बांधलेलं असतं, काही गेलेल्या माणसाशी. मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड, मंजूर झालेले सॅम्पल, दराचा करार, सेट झालेली फिक्स्चर, हे फर्मजवळ राहतं. रात्री दहाला फोन केला तरी उचलणारा, पेमेंट अडलं तर कोल्हापूरला जाऊन बसणारा थोरला, त्याच्याबरोबर ते गेलं.

पार्टी राहील की जाईल हे आज कुणालाच सांगता येत नाही. मग आज भांडण्यापेक्षा किंमत दोन टप्प्यांत लावता येते. मालमत्तेची ६३ लाख किंमत तर पक्की आहे. तिच्यावरून वहिनींचा वाटा येतो साडेएकोणतीस लाख: ६३ मधून ४० गेले, वाढ २३, तिचे निम्मे साडेअकरा, अधिक १८. एवढं कुठल्याही परिस्थितीत द्यायचं. वरचे पावणेदहा लाख दोन वर्षांनी, ठरलेल्या पार्ट्यांचं काम टिकलं त्या प्रमाणात. सीए लोक असं पत्र करून देतात. फक्त कुठल्या पार्ट्या आणि किती रुपयांचं काम टिकलं म्हणजे टिकलं, हे नाव आणि आकड्यासह लिहायचं, नाहीतर दोन वर्षांनी दुसरं भांडण.

धाकट्याची दुसरी तक्रार असते की पुढे राबणार मी आणि वाटा त्यांना. ती मात्र टिकत नाही. वर १६ लाख वजा केले ते त्याच राबण्याचे. त्याच्या कष्टाचा पगार आधी बाजूला काढूनच किंमत आली आहे.

जमीन कुणाची?

उदाहरणात शेडचं भाडं वजा केलं, कारण जागा वडिलांच्या नावावर आहे. बेळगावात ही गोष्ट सोपी कधीच नसते. जागा खरोखर वडिलांची असेल तर ती फर्मच्या किंमतीत येत नाही. ती वारसाने जाते आणि तिच्यात बहिणींचाही हक्क येतो. पण जागा घेताना पैसे फर्मच्या खात्यातून गेले असतील तर? १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम १४ सांगतं की फर्मच्या पैशाने घेतलेली मालमत्ता, वेगळा हेतू दिसत नसेल तर, फर्मचीच समजायची. खरेदीपत्रावर कुणाचंही नाव असो. तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वीचं बँकेचं पासबुक ट्रंकेतून काढावं लागतं. जागा फर्मची ठरली तर तिची किंमत वेगळी मिळवायची; तेव्हाही नफ्यातून भाडं वजा करूनच घ्यायचं, नाहीतर तीच जागा दोनदा मोजली जाते.

हद्दीवरच्या कारखानदारांना आणखी एक कटकट. बऱ्याच जणांचं एक युनिट बेळगावात आणि दुसरं चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत. दोन राज्यं, दोन जीएसटी क्रमांक, दोन मुद्रांक शुल्कं. कर्नाटकात सरकारी दर म्हणजे गाइडन्स व्हॅल्यू, महाराष्ट्रात रेडी रेकनर. हे दोन्ही मुद्रांकासाठी ठरवलेले किमान दर आहेत, बाजारभाव नाहीत. शिनोळीचा प्लॉट तर विकत घेतलेला नसतोच, एमआयडीसीकडून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो, आणि नाव बदलायचं तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. शेजारच्या गावातल्या मालकी जागेचा गुंठ्याचा भाव त्याला लावून किंमत फुगवली जाते, तशी लावू नये.

कायदा कुणाच्या बाजूने?

"गुडविल वगैरे काही नाही, ताळेबंदात कुठे आहे दाखवा," हे वाक्य अशा बैठकीत येतंच. ताळेबंदात नसतं हे खरं. पण कलम १४ मध्ये फर्मच्या मालमत्तेत गुडविलचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि मुंबईच्या एका फर्मच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच सांगितलं आहे की मृत भागीदाराच्या वारसांना गुडविलमध्ये हिस्सा मिळतो, भागीदारी पत्रात तो स्पष्ट नाकारलेला नसेल तर. फर्म मृत्यूनंतर चालू राहील, एवढं लिहिलं म्हणून तो हक्क जात नाही.

दोनच भागीदार असतील तर गोष्ट आणखी वेगळी. ‘एकाच्या मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही’ असं कलम पत्रात असलं तरी त्याचा उपयोग होत नाही. भागीदारीला दोघं लागतात, एकट्याची भागीदारी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे थोरला गेला त्या दिवशी फर्म संपली. धाकट्याने एकट्याच्या नावाने धंदा पुढे चालवला तर पॅन नवा, जीएसटी नोंदणी नवी, मोठ्या पार्ट्यांकडे नव्या नावाने पुन्हा नोंदणी. हाताशी आलेला पुतण्या किंवा मुलगा आधीच तिसरा भागीदार म्हणून घेतलेला असता, तर हे टळलं असतं आणि व्हेंडर कोडही शाबूत राहिला असता.

हिशेब न मिटवता धंदा चालूच ठेवला तर कलम ३७ लागतं. वारसांना दोनपैकी एक मागता येतं: त्यांच्या हिश्श्याच्या मालमत्तेमुळे झालेला नफा, नाहीतर हिश्श्याच्या रकमेवर वर्षाला सहा टक्के व्याज. हा सहा टक्के १९३२ सालचा आहे. सव्वाएकोणचाळीस लाखांवर वर्षाला २ लाख ३५ हजार होतात. तेवढेच पैसे बँकेकडून दहा टक्क्यांनी घेतले तर जवळजवळ चार लाख व्याज. उशीर जितका, तितकं मागे राहिलेल्याला स्वस्त कर्ज. म्हणून "बघू, घाई काय आहे" हे कोण म्हणतंय त्याकडे लक्ष ठेवावं.

खासगी मर्यादित कंपनी असेल तर वाटणी शेअरची होते, आणि कंपनीच्या नियमावलीत बहुतेक वेळा शेअर आधी घरच्यांनाच द्यायचं बंधन असतं. कंपनी कायद्याखाली जिथे मूल्यांकन लागतं तिथे ते नोंदणीकृत मूल्यांककाकडूनच करून घ्यावं लागतं. त्यांचे तीन वर्ग आहेत, जमीन-इमारत, मशिनरी आणि शेअर-वित्तीय मालमत्ता. जमिनीवाल्याने शेअरची किंमत काढून द्यायची नाही. भागीदारीला तशी सक्ती नाही, पण दोन्ही बाजूंना मान्य होईल असा बाहेरचा माणूस घ्यायला कुणी अडवलेलंही नाही. फर्मचाच जुना ऑडिटर नेमू नये. माणूस कितीही सरळ असला तरी उद्या त्याची फी धाकटाच देणार असतो.

पैसे कधी, कसे

किंमत ठरली तरी धाकट्याकडे एवढे पैसे रोख कुठून येणार? कारखाना वर्षाला कर जाऊन साडेसोळा लाख देतो, त्यातून कर्जाचे हप्तेही भरायचेत. एकरकमी मागितलं तर मशीन विकावी लागेल आणि किंमतच खाली येईल. चार वर्षांचे हप्ते, पहिला हप्ता मोठा, उरलेल्यावर बँकेच्या दराने व्याज, आणि हप्ता चुकला तर काय, याचं तारण. हे दोघांनाही झेपतं. कराचाही विचार आधीच करावा: भागीदाराला खात्यातल्या शिलकीपेक्षा जास्त मिळालं, तर त्या फरकावर फर्मला कर लागू शकेल असे नियम २०२१ च्या वित्त कायद्याने आणले आहेत. तो कोण सोसणार हे न ठरवता सही केली, तर दुसऱ्या वर्षी नोटीस आली की पुन्हा बैठक.

आणि एक कागद, जो या सगळ्या गोंधळात विसरला जातो. बँकेच्या ३५ लाखांच्या कर्जाला थोरल्याची वैयक्तिक हमी असते आणि बऱ्याचदा त्याचं राहतं घर तारण असतं. वहिनींनी पैसे घेतले, सही करून बाहेर पडल्या, पण घराचे कागद बँकेतच राहिले, तर दोन वर्षांनी हप्ते थकल्यावर नोटीस त्यांच्या दारावर लागते, ज्या कारखान्यात त्यांचा आता काही संबंध नाही त्यासाठी. शेवटच्या सहीआधी बँकेचं पत्र हातात हवं: घर तारणातून सोडलं, हमी संपली. धाकट्याने त्यासाठी आपलं तारण द्यायचं किंवा कर्ज दुसरीकडे हलवायचं. बँक महिनाभर फिरवते, फिरवू दे. तोवर सही करू नये.

१९९४ च्या त्या भागीदारी पत्रात वाटणीबद्दल एकच ओळ आहे: हिशेब दोघांच्या संमतीने करावा. तिथे पाच गोष्टी लिहून ठेवता आल्या असत्या, मूल्यांकन कुणाकडून, कुठल्या तारखेचं, गुडविल धरायचं की नाही आणि कसं, हप्ते किती, आणि बँकेची हमी किती दिवसांत सोडवायची. दोघे भाऊ हयात असताना मुद्रांक कागदावर पुरवणी पत्र करायला सीएकडे एक दुपार पुरली असती.